वाईट सिनेमाची चांगली प्रत

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, मेक्सिकोच्या सीमेला खेटून एल पासो नावाचं शहर आहे. तिथे विमा आणि खतं विकणाऱ्या हॅरल्ड वॉरन नावाच्या गृहस्थानं १९६६ साली एक भयपट काढला. लेखक तोच, दिग्दर्शक तोच, निर्माता तोच आणि हिरोही तोच. सिनेमा काढणं काही फार अवघड नसतं, अशी पैज त्यानं स्टर्लिंग सिलिफंट या पटकथाकाराशी लावली होती म्हणतात. सिलिफंटना पुढे १९६८ मध्ये ऑस्कर मिळालं. वॉरनच्या सिनेमाचं नाव मात्र आजवरच्या सर्वांत वाईट चित्रपटांच्या याद्यांमध्ये कायमचं चिकटलं. नाव ‘मॅनोस: द हँड्स ऑफ फेट’, खर्च साधारण १९ हजार डॉलर.

हा सिनेमा २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये सिनॅप्स फिल्म्स या अमेरिकी कंपनीनं ब्लू-रे डिस्कवर आणला, आणि आणला तो अगदी साग्रसंगीत. १६ मिलिमीटरची जुनी फिल्म नव्यानं स्कॅन केली, धूळ आणि ओरखडे काढले, रंग जागेवर आणले. शिवाय सिनेमा चालू असताना ऐकायची कलाकारांची कमेंटरी आणि सिनेमा कसा घडला, कसा वाचला यावरचे माहितीपट जोडले. असा सरंजाम एरवी राय, कुरोसावा, बर्गमन अशा थोर दिग्दर्शकांच्या वाट्याला येतो.

पावसाळ्यात पुण्यात कर्वेनगरला एका मित्राकडे आम्ही ही डिस्क भिंतीवर लावली. मित्र कलरिस्ट आहे, म्हणजे सिनेमाचे रंग जुळवणारा, त्यामुळे घरचा प्रोजेक्टर बरा आहे. त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, चहा द्यायला आल्या आणि तिथेच टेकल्या. सिनेमाच्या सुरुवातीला एक कुटुंब गाडीतून चाललेलं असतं. बराच वेळ चाललेलं असतं. बाहेर माळरान, आत कुणी विशेष काही बोलत नाही, आणि गाडी चालूच. इथे म्हणे श्रेयनामावली यायची होती, ती टाकायची राहून गेली. काकू म्हणाल्या, ‘हे पोचणार आहेत का रे कुठे, का कात्रजहून परत फिरायचेत?’ आणि थोड्या वेळानं, जरा गंभीरपणे, ‘पण एवढं टाकाऊ आहे तर इतकं लख्ख करून कशाला ठेवलंय?’

प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की जुनी फिल्म वाचवताना नेमकं काय करतात, हे थोर सिनेमापेक्षा वाईट सिनेमावर जास्त स्वच्छ कळतं. थोर सिनेमात सगळंच सुंदर असावं अशी आपली समजूत असते, त्यामुळे जे खटकेल ते पुसलं तरी कुणी हरकत घेत नाही. वाईट सिनेमात खटकणारंच जास्त. मग प्रत्येक ठिकाणी विचारावं लागतं, हा दोष काळानं केला की दिग्दर्शकानं? काळाचा असेल तर काढायचा. दिग्दर्शकाचा असेल तर तो राखायचा, कितीही हात शिवशिवले तरी.

आता दिग्दर्शकाचे दोष किती, ते पाहू. वॉरनकडे बेल अँड हॉवेल कंपनीचा १६ मिलिमीटरचा कॅमेरा होता. बॅटरी नाही, वीज नाही, घड्याळासारखी चावी द्यायची. एकदा चावी दिली की जास्तीत जास्त ३२ सेकंद चालणार. म्हणजे सिनेमातला कुठलाही शॉट त्याहून लांब असूच शकत नाही. नट वाक्याच्या मध्यावर आहे आणि कॅमेरा थांबला, असं झालं की दुसरीकडून पुन्हा सुरू करायचं. या सिनेमाची विचित्र, अडखळती लय आली ती इथून. त्यात कॅमेऱ्याबरोबर आवाज ध्वनिमुद्रित होत नव्हता. सगळे संवाद नंतर मोजक्या तीन-चार जणांनी मिळून डब केले. छोट्या मुलीचा आवाजही एका मोठ्या बाईनं काढलाय. ती मुलगी, जॅकी नेमन, पहिल्या खेळाला आपल्या तोंडून भलताच आवाज ऐकून रडली होती, असं तिनंच मोठेपणी सांगितलं आहे.

रात्रीच्या चित्रीकरणाला दिवे अपुरे. दोन पोलीस गोळीचा आवाज ऐकून गाडीतून उतरतात, तपासाच्या आवेशात चार पावलं टाकतात, इकडेतिकडे बघतात आणि परत गाडीत बसतात. त्यापुढे उजेडच पोचत नव्हता, जातात कुठे! जो काही उजेड होता त्यावर पतंग जमायचे, ते थेट नटांच्या तोंडासमोर भिरभिरताना दिसतात. एका शॉटच्या सुरुवातीला क्लॅप, म्हणजे शॉट सुरू करताना आपटायची पाटी, दिसतो, कापायचा राहिलेला. माळरानातल्या घराचा राखणदार टॉर्गो खरं तर अर्धा बोकड, अर्धा माणूस असायचा होता. त्यासाठी पायाला सापळा बांधला, तो धड बसला नाही, आणि पडद्यावर नुसता फुगलेल्या गुडघ्यांचा, अडखळत चालणारा माणूस उरला. गंमत म्हणजे हाच सिनेमातला सगळ्यांत लक्षात राहणारा माणूस.

१५ नोव्हेंबर १९६६ ला एल पासोच्या काप्री थिएटरात पहिला खेळ झाला. नट-नट्या लिमोझिनमधून आले. गाडी भाड्यानं एकच घेतलेली, म्हणून तीच फेऱ्या मारून सगळ्यांना आणत होती. लोक हसले. सिनेमा आसपास थोडाफार चालला आणि डब्यात गेला. १९९३ च्या जानेवारीत ‘मिस्ट्री सायन्स थिएटर ३०००’ या टीव्ही कार्यक्रमानं तो पुन्हा वर काढला. या कार्यक्रमात एक माणूस आणि दोन यंत्रमानव थिएटरच्या पुढच्या रांगेत बसून टुकार सिनेमांवर अखंड शेरेबाजी करतात. आपल्याकडे भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी गॅलरीत बसलेल्याला ही कला शिकवावी लागत नाही. त्या एका भागानंतर ‘मॅनोस’चे भक्त तयार झाले.

या भक्तांनी पाहिलेली प्रत मात्र भयंकर होती. चित्र धूसर, अंधारलेलं, रंग कळत नाहीत. बऱ्याच जणांना वाटलं की चित्रीकरणच असं झालंय. ते अर्धंच खरं होतं, आणि उरलेलं अर्धं समजायला फिल्मच्या पिढ्या समजून घ्याव्या लागतील.

कॅमेऱ्यात जी फिल्म असते तिच्यावर प्रकाश पडून जे उमटतं ते मूळ. तिच्यावरून दुसऱ्या फिल्मवर छापलं की ती पहिली पिढी, तिच्यावरून तिसऱ्या फिल्मवर छापलं की दुसरी पिढी. परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राच्या नोट्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढली की जे होतं तेच इथे होतं: पांढरं अधिक पांढरं, काळं अधिक काळं, आणि मधल्या छटा नाहीशा. शिवाय प्रत्येक पिढीच्या अंगावरची धूळ छापली जाऊन पुढच्या पिढीच्या अंगात मुरते. वरची धूळ धुऊन निघते, छापलेली निघत नाही. थिएटरात दाखवायला १६ मिलिमीटरची फिल्म ३५ वर मोठी करावी लागते, म्हणजे आणखी पिढ्या. मोठी करताना आणि टीव्हीसाठी उतरवताना चित्राच्या कडाही थोड्याथोड्या जातात. मग टेप, टेपवरून टेप. भक्तांच्या हाती होतं ते या उतरंडीचं सगळ्यांत खालचं मडकं.

२०११ मध्ये बेन सोलोवे नावाच्या फ्लोरिडातल्या तरुण सिनेपदवीधरानं ईबेवरून १६ मिलिमीटरच्या फिल्मांचा एक साठा विकत घेतला. त्यात ‘मॅनोस’ची वर्कप्रिंट निघाली. वर्कप्रिंट म्हणजे संकलकाच्या टेबलावरची प्रत. मूळ फिल्मला हात लागून ओरखडे पडू नयेत म्हणून तिची एक नक्कल काढतात आणि कापाकापी, चिकटवाचिकटवी त्या नकलेवर करतात. ही प्रत एक्टाक्रोम जातीच्या फिल्मवर होती. जुन्या पिढीनं फोटोच्या स्लाइड पाहिल्या असतील, त्यांचंच हे सिनेमातलं भावंड. निगेटिव्ह नाही, थेट सरळ रंगांचं चित्र. एक्टाक्रोमचं महत्त्व आपल्याला पटकन कळेल, कारण ईस्टमनकलरच्या जुन्या प्रिंट लालबुंद झालेल्या आपण पाहिल्यात. त्यांतला निळा-हिरवा उडून जातो आणि हिरोपासून आभाळापर्यंत सगळं गुलाबी होतं. सोलोवेच्या हाती लागलेल्या प्रतीत रंग शाबूत होते आणि ती उतरंडीत जवळजवळ वरच्या टोकाची होती. त्यानं किकस्टार्टरवर लोकांकडे १० हजार डॉलर मागितले, तर सुमारे ४८ हजार जमले.

आता खरं काम. सिनेमा साधारण सत्तर मिनिटांचा, सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे लाखभर चौकटी. प्रत्येकीचा स्वतंत्र फोटो स्कॅनर काढतो. फिल्म आकसलेली असते, कडेची भोकं फाटलेली असतात, जिथे दोन तुकडे चिकटवलेत तिथे चित्र उडी मारतं. त्या उड्या काढून चित्र स्थिर करतात. मग धूळ. डिस्क संपल्यावर मित्रानं लॅपटॉपवर त्याच्याकडच्या दुसऱ्या एका जुन्या फिल्मचे स्कॅन उघडून हे दाखवलं. सॉफ्टवेअर एका चौकटीची तुलना आदल्या आणि नंतरच्या चौकटीशी करतं. जे फक्त मधल्या चौकटीत आहे आणि दोन्हीकडे नाही, ते कचरा असणार असं धरून शेजारच्या चौकटीतला तेवढा तुकडा तिथे भरतं. काळा ठिपका असेल तर कचरा बहुधा याच प्रतीवर बसलाय, पांढरा असेल तर छापताना निगेटिव्हवर होता, एवढं त्याला नुसत्या नजरेनं कळतं.

पण पडद्यावर पाऊस पडत असला तर? थेंब एका चौकटीत इथे, पुढच्या चौकटीत पार खाली. ठिणग्यांचंही तसंच. सॉफ्टवेअरच्या लेखी तोही कचराच, सरसकट चालवलं तर पाऊस थांबतो. आता ‘मॅनोस’मधले ते पतंग आठवा. दिव्यासमोरून झपकन जाणारा ठिपका आणि फिल्मवरचा कचरा यांत यंत्राला फरक कळणं कठीण. तिथे माणसानं बसून, चौकट थांबवून ठरवावं लागतं की हा ठिपका १९६६ च्या त्या रात्री खरोखर उडत होता का. उडत असेल तर तो सिनेमाचा भाग. अशा पतंगांची राखण करायला पगारी माणूस बसवणं हा वेडेपणा वाटेल, मला तो या धंद्यातला सगळ्यांत सभ्य वेडेपणा वाटतो.

क्लॅप ठेवायचा, यावर फारसा वाद होत नाही. वाद होतो तो मधल्या गोष्टींवर. कॅमेऱ्याच्या गेटमध्ये, म्हणजे फिल्मवर प्रकाश पडतो त्या झरोक्यात, चित्रीकरणाच्या वेळीच केस अडकला आणि चौकटीच्या कडेला वळवळत राहिला, तर तो कोणाचा? काळाचा नाही, पण दिग्दर्शकाच्या मनातलाही नाही. काही जण काढतात, काही जण ठेवतात. दुसरा वाद दाण्यांचा. फिल्मचं चित्र रवाळ असतं, १६ मिलिमीटरचं तर जास्तच. टीव्हीवर गुळगुळीत दिसावं म्हणून दाणे घासून काढले की नटांचे चेहरे मेणाचे होतात, कातडीचा पोत जातो. चांगल्या थोर सिनेमांच्या डिस्कचंही असं वाटोळं झालेलं आहे. ‘मॅनोस’च्या डिस्कमध्ये दाणे जागेवर आहेत, आणि त्यामुळेच पहिल्यांदा लक्षात येतं की टॉम नेमन या नटाच्या, म्हणजे त्या छोट्या जॅकीच्या वडिलांच्या, अंगातला खलनायकाचा झगा किती मेहनतीनं केलाय. काळ्या कापडावर दोन्ही बाजूंना लाल पंजे. जुन्या टेपवर तो नुसता काळा-लाल चिखल होता.

पुण्यात बसून हा विषय परका वाटण्याचं कारण नाही. लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आणि ते ज्यांनी उभं केलं ते पी. के. नायर आयुष्यभर फिल्मांचे डबे गोळा करत हिंडले. फाळक्यांच्या फिल्मा नाशिकहून आणण्यापासून त्यांची कामगिरी सांगतात. थोर काय आणि भुक्कड काय हे संग्रहालयानं आज ठरवू नये, मिळेल ते आधी वाचवावं, अशी त्यांची वृत्ती होती. त्यांच्या निवडीवर तेव्हाही नाकं मुरडणारे असणारच, पुणं आहे हे. पण ‘आलम आरा’ (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तो काढणारे दुर्लक्षी होते असं नाही, चालून झालेला सिनेमा सांभाळून ठेवायचा असतो हीच कल्पना नव्हती. त्या काळची फिल्म नायट्रेटची, भडकन पेटणारी. २००३ च्या जानेवारीत पुण्यातल्याच नायट्रेट फिल्मांच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या काळातला मोठा ठेवा गेला. नायट्रेटनंतरची अॅसिटेटची फिल्म तशी भडकन पेटत नाही, पण दमट हवेत कुजते. डबा उघडला की व्हिनेगरचा भपका येतो, मग फिल्म आकसते, वाकते आणि यंत्रातून जाईनाशी होते. पुण्याच्या पावसाळ्यात ज्यानं कपाटातल्या चामडी चपलेवर बुरशी पाहिली आहे त्याला फिल्मसाठी थंड, कोरडी खोली का लागते हे वेगळं सांगायला नको.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो बऱ्याच जणांना उलटा वाटतो. अमेरिकेत तेव्हा नियम होता की सिनेमावर कॉपीराइटची सूचना छापायलाच हवी, मालकाच्या नावासकट. वॉरनच्या सिनेमावर ती नव्हती. त्यामुळे तो सार्वजनिक मालमत्ता मानला गेला, कुणीही छापा, कुणीही विका. आपल्याकडे अशी सूचना छापण्याची सक्ती नाही. सिनेमा प्रदर्शित झाला त्याच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क राहतो. म्हणजे १९६६ चा हिंदी किंवा मराठी सिनेमा १ जानेवारी २०२७ ला मोकळा होईल. पण मोकळा होऊन आपोआप काही हाती लागत नाही. हक्क सगळ्यांचा झाला तरी फिल्मचा डबा एखाद्याच्याच कपाटात असतो, आणि चांगली प्रत निघते ती त्या डब्यातून. ‘मॅनोस’ जवळपास पन्नास वर्षं सगळ्यांचा होता आणि सगळ्यांकडे घाणेरडी प्रत होती.

आपल्या वाईट सिनेमांचं काय? रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’ (१९८४) आणि ‘बंद दरवाजा’ (१९९०) या भयपटांच्या नीटनेटक्या डीव्हीडी मोंडो माकाब्रो या परदेशी कंपनीनं काढल्या, माहितीपुस्तिका लिहावी तशा आस्थेनं. मिथुनचा ‘गुंडा’ (१९९८) माझ्या ओळखीत ज्यांना तोंडपाठ आहे त्या सगळ्यांनी तो यूट्यूबवरच पाहिलाय, ठोकळे-ठोकळे झालेल्या चित्रात. तो ३५ मिलिमीटरवर चित्रित झालेला सिनेमा आहे. म्हणजे त्यात आपण पाहतो त्याच्या कितीतरी पट तपशील एके काळी होता. यमकातले संवाद तसेच राहतील, पण निदान बंदरावरची क्रेन तरी ओळखू येईल. इथे ही कामं होत नाहीत याचं कारण पैसा इतकंच नाही. सरकारी योजना आणि संस्था आधी मान्यवर सिनेमे घेतात, ते बरोबरच आहे. परदेशात या रिकाम्या जागेत छोट्या कंपन्या शिरल्या. स्ट्रीमिंगच्या काळातही हजारो लोक डिस्क विकत घेऊन कपाटात लावतात, आणि त्यातले बरेच जण नेमके अशाच सिनेमांचे भक्त असतात. थोर सिनेमा माणूस एकदा पाहून आदरानं बाजूला ठेवतो, टुकार सिनेमा मित्रांना दाखवायला पुन्हा पुन्हा काढतो. धंद्याचं गणित त्यावर चालतं.

डिस्क मागवायची असेल तर दोन गोष्टी बघा. ब्लू-रेला जगाचे अ, ब, क असे तीन विभाग असतात. भारत तिसऱ्यात, अमेरिका पहिल्यात. त्यामुळे डिस्कवर विभागाचं बंधन आहे का आणि आपला प्लेअर ते पाळतो का, हे आधी तपासा. पुण्यात ब्लू-रे प्लेअर दुकानात सहजासहजी मिळत नाही, बुधवार पेठेत तापकीर गल्लीत विचारलं तर दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो. आम्ही लॅपटॉपला बाहेरून जोडायचा ब्लू-रे ड्राइव्ह वापरला. दुसरं, डॉलरमधल्या किमतीवर टपाल आणि कस्टम्स चढतं, त्यामुळे तीन-चार जणांनी मिळून मागवलेलं बरं.

आणि पाहताना क्रम थोडा बदला. डिस्कवर साफ केलेल्या सिनेमाबरोबर ‘ग्राइंडहाउस’ नावाची दुसरी प्रत आहे, ३५ मिलिमीटरच्या प्रिंटवरून, काहीही न पुसता जशीच्या तशी घेतलेली. आधी तिची दहा मिनिटं बघा, नंतर तीच दहा मिनिटं साफ प्रतीत. काळानं काय केलं होतं आणि वॉरननं काय केलं होतं, ते तेवढ्यात वेगळं होतं. पुढचा सिनेमा मूळ संवादांसह पाहायची सक्ती नाही. टॉम नेमन आणि जॅकी या बापलेकीची कमेंटरी लावा, ती सिनेमापेक्षा कितीतरी चांगली आहे.